मायदेशाची ओढ कशी सांभाळावी आणि परतीची तयारी कशी करावी

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगभरातील सुमारे 28 कोटी 10 लाख माणसे स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात राहत होती. कोणी शिकायला गेले, कोणी पोटापाण्यासाठी, कोणी लग्न होऊन, तर कोणाला जीव वाचवण्यासाठी घरदार सोडावे लागले. कारणे वेगवेगळी असली तरी मायदेशाची ओढ यांपैकी कोणालाही गाठू शकते, आणि ती गाठते तेव्हा माणूस बहुधा एक तर ती मनातल्या मनात दाबून टाकतो किंवा तिच्या आहारी जातो. या दोन्ही वाटा टाळता येतात. माझे सांगणे एवढेच आहे की आपल्याला नेमके काय आठवते आहे हे शोधून काढावे आणि त्या त्या गोष्टीवर वेगळा उपाय करावा. परदेशात असताना हे काम नीट केलेले असेल, तर परतीचा आनंदही अधिक भरभरून घेता येतो, कारण आठवणीत जपलेला देश आणि प्रत्यक्षातला देश यांच्यातील अंतर आपण तोवर ओळखलेले असते.

ही ओढ म्हणजे मनाचा दुबळेपणा, असे मानून स्वतःला दोष देऊ नये. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वैद्यक शिकणाऱ्या योहानेस होफर याने 1688 मध्ये आपल्या प्रबंधात या व्यथेचे आजार म्हणून वर्णन केले होते. घरापासून दूर गेलेले तरुण आणि परक्या देशांत चाकरी करणारे स्विस सैनिक यांच्यात दिसणारी लक्षणे त्याने नोंदवली : सतत उदास राहणे, मायदेशाशिवाय दुसरा विचार न सुचणे, झोप मोडणे, भूक-तहान मंदावणे, छातीत धडधडणे. आज वैद्यकशास्त्र याला स्वतंत्र आजार मानत नाही; परंतु परक्या देशात पहिले काही महिने काढलेल्या कोणालाही ही यादी अनोळखी वाटणार नाही.

नेमके काय आठवते आहे?

एक वही घ्यावी आणि आठवडाभर, ओढ दाटून येईल त्या प्रत्येक वेळी, तीत दोन-तीन ओळी लिहाव्यात. वेळ कोणती होती, आपण काय करत होतो आणि मनात काय आले, एवढे पुरे. मात्र ‘घर आठवले’ असे लिहून थांबू नये. कोणती खोली, कोणाचा आवाज, दिवसाचा कोणता प्रहर, तिथे कोण बसलेले होते, हे लिहावे. आठवड्याच्या शेवटी सगळ्या नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे बहुधा असे दिसते की संपूर्ण देश काही आठवत नव्हता. मोजक्या गोष्टीच पुन्हा पुन्हा मनात येत होत्या. त्या मोजक्या गोष्टींवर काम करता येते. अख्ख्या देशाच्या आठवणीवर काम करता येत नाही, आणि म्हणूनच ती आपल्याला हतबल करते.

वहीत माणसे अधिक येत असतील, तर त्यांतही फरक करावा. काही माणसांशी बोलावेसे वाटते, काहींच्या केवळ आसपास असावेसे वाटते. पहिल्या ओढीवर फोन हा उपाय आहे, दुसरीवर तो अपुरा पडतो. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

भाषा आठवत असेल, तर ती ओळखायला वेळ लागतो, कारण ती थकव्याच्या रूपाने येते. परकी भाषा कितीही चांगली येत असली तरी दिवसभर तिच्यात वावरताना मन सतत कामावर असते. थट्टा करायची राहून जाते, रागावताना शब्द सापडत नाहीत, आणि आपण मुळात आहोत त्यापेक्षा गंभीर किंवा मंद आहोत असे इतरांना वाटत असेल, ही जाणीव टोचत राहते. यासाठी दिवसातील थोडा वेळ मातृभाषेसाठी राखावा. मोठ्याने वाचावे, पत्र लिहावे, कामाच्या याद्या तरी मातृभाषेत कराव्यात. शक्य असल्यास त्याच शहरात आपल्या भाषेत बोलणारे एखादे तरी माणूस शोधावे. त्याच वेळी परक्या भाषेची शिकवणीही सोडू नये. परक्या भाषेत पहिल्यांदा कोणाला मनापासून हसवता आले, की त्या देशातील आपला वावर बदलतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. मायदेशी आपल्याला एक स्थान असते. आपले मत विचारले जाते, आपल्या शब्दाला वजन असते, अडीनडीला लोक आपल्याकडे येतात. परदेशात पाऊल ठेवताच हे सारे मागे राहते आणि माणूस एकाएकी सतत मदत मागणारा होऊन बसतो. कागद कुठे भरायचा, कोणत्या दारातून जायचे, कोणाला काय म्हणायचे, हे विचारत फिरावे लागते. देशाची म्हणून वाटणारी ओढ पुष्कळदा या हरवलेल्या स्थानाची असते. तिच्यावर उपाय म्हणजे परक्या जागीही कोणाच्या तरी उपयोगी पडणे. वाचनालयात स्वयंसेवक म्हणून काम करावे, एखाद्या मुलाला गणित शिकवावे, शेजारच्या वृद्धांचे जड सामान वर पोहोचवावे, खेळाच्या संघात सामील व्हावे. काम लहान असले तरी चालेल, पण ते ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी असावे, म्हणजे कोणीतरी आपली वाट पाहू लागते.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात परक्या संस्कृतीत होणारी ही घालमेल समजावून सांगितली आहे. रोजच्या व्यवहारात आपण असंख्य बारीक खुणांच्या आधारे वावरत असतो : कधी हात पुढे करावा, कधी हसावे, नकार कसा द्यावा, निमंत्रण खरे कोणते आणि शिष्टाचारापुरते कोणते. या खुणा आपण न कळत शिकलेल्या असतात आणि परदेशात त्या एकदम निकामी होतात. हे समजले म्हणजे स्वतःवरची चिडचिड कमी होते. तिथल्या एखाद्या विश्वासू माणसाला या खुणा स्पष्टपणे विचाराव्यात. असे प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, आणि बहुतेकांना आपल्या समाजाविषयी समजावून सांगायला आवडते.

परिसराची ओढ असेल, तर नव्या गावात एकच एक वाट रोज चालावी. नवनवीन ठिकाणे पाहण्याची हौस सुट्टीसाठी ठेवावी; रोजच्या वाटेवरची झाडे, पायऱ्या आणि चेहरे ओळखीचे झाले, की ती जागा हळूहळू आपलीशी होऊ लागते.

आणि कधी कधी वहीतून असेही दिसते की आठवण देशाची नसून त्या काळाची आहे. आपण तेव्हा लहान होतो, आईवडील धडधाकट होते, मित्र हाकेच्या अंतरावर होते. तिथे कोणतेही विमान नेऊ शकत नाही. मायदेशीच राहिलेल्या माणसालाही ही ओढ लागतेच. ती वेगळी काढून ठेवावी, म्हणजे तिच्यासाठी परदेशाला दोष देणे थांबते आणि परत गेल्यावर मायदेशाकडून अशक्य अपेक्षाही ठेवल्या जात नाहीत.

ओढ कधी वाढते

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून परतलेल्या 200 नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1955 मध्ये निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेले आणि अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेले लोक परदेशात बऱ्यापैकी रुळले होते. मधल्या मुदतीत राहिलेल्यांना ते अधिक जड गेले होते. यावरून ‘आधी उत्साह, मग घसरण, मग स्थैर्य’ असा क्रम पुष्कळ ठिकाणी शिकवला गेला. परंतु कोलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून 1998 मध्ये जे मांडले ते वेगळे होते : त्रास सर्वांत जास्त अगदी सुरुवातीलाच होता. तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडू आले तर आपले काही चुकते आहे असे समजू नये, आणि वर्षभरानंतर अचानक उदास वाटू लागले तरीही घाबरू नये. दोन्ही घडते.

ठरावीक क्षणी मात्र ओढ हमखास वाढते. सुट्टीची संध्याकाळ, आजारपण, घरातील एखाद्या समारंभाचा दिवस आणि कामातील अपमान हे त्यांतले मुख्य. या वेळा आधीच ओळखून त्यांची सोय करून ठेवावी. सुट्टीच्या संध्याकाळी कोणाकडे तरी जाण्याचे ठरवावे किंवा कोणाला बोलवावे. ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे निरोगी असतानाच ठरवून त्या व्यक्तीला तसे सांगून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशा क्षणी ‘सगळे सोडून परत जाऊ’ हा निर्णय घेऊ नये. तो विचार तारखेसह वहीत लिहावा आणि तीन महिन्यांनी, चांगली झोप झालेल्या सकाळी, पुन्हा वाचावा. तेव्हाही तो तितकाच खरा वाटला, तर तो गंभीरपणे घ्यावा. परत जाणे म्हणजे हार नव्हे.

घरच्यांशी बोलणे

पूर्वी पत्राला पोहोचायला आठवडे लागत. आज चेहरा समोर दिसतो. ही मोठी सोय आहे, तरी तिचा उपयोग विचारपूर्वक करावा. पहिल्या काही आठवड्यांत दिवसातून अनेकदा फोन करणाऱ्याचे शरीर परदेशात आणि मन घरात अशी स्थिती होते. नव्या जागी ओळखी होण्यासाठी जो रिकामा, काहीसा अवघडलेला वेळ लागतो, तो फोनच खाऊन टाकतो. उलट, ओढ वाढेल या भीतीने फोनच टाळणारे लोक घरच्यांना काळजीत टाकतात आणि स्वतः अधिक एकाकी होतात. ठरलेले दिवस आणि ठरलेली वेळ हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. दोन्ही देशांच्या वेळांत अंतर मोठे असेल, तर अवेळी जागण्याची पाळी आळीपाळीने घ्यावी. नेहमी म्हाताऱ्या माणसांनीच रात्री जागावे, हे बरे नव्हे.

काय बोलावे, हा खरा प्रश्न आहे. ‘कसे आहात?’, ‘बरे आहे’, ‘तुम्ही कसे आहात?’, ‘आम्ही मजेत’ एवढ्यावर संपणारे बोलणे दोन्ही बाजूंना रिते ठेवते. बारीक विचारावे : कपाटाचे दार दुरुस्त झाले का, गुडघा कोणत्या वेळी जास्त दुखतो, शेजारी नवे कोण राहायला आले. आपणही तसेच सांगावे. इतके की आपल्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला उघडते आणि कामावर शेजारी कोण बसते, हे घरच्यांना ठाऊक असावे. रोजचा तपशील माहीत असलेल्या माणसाला आपण लांब आहोत असे कमी वाटते.

ज्यांच्या केवळ आसपास असावेसे वाटते, त्यांच्याबरोबर बोलण्याचा आग्रहच धरू नये. व्हिडिओ कॉल सुरू ठेवून दोन्हीकडे आपापली कामे करावीत. तिकडे कोणी शिवत असेल, इकडे कोणी कपड्यांच्या घड्या घालत असेल, मध्येच एखादा शब्द बोलला जाईल. या मूक सोबतीने जे साधते ते तासभराच्या प्रश्नोत्तरांनी साधत नाही. वडीलधाऱ्यांना सुरुवातीला हे विचित्र वाटते, पण लवकरच आवडू लागते.

दुःख किती सांगावे, याविषयी माझे मत असे : जे घडून गेले आणि सावरले गेले ते सगळे सांगावे, जे अजून घडते आहे आणि ज्यावर घरचे काहीही करू शकत नाहीत, ते आधी जवळच्या, त्याच शहरातील माणसाला सांगावे. मात्र सगळे उत्तम आहे असा देखावा वर्षानुवर्षे करू नये. त्या देखाव्यामुळे परतल्यावर कोणाशी मोकळेपणाने बोलताच येत नाही.

मन गुंतवणे आणि आठवणींना जागा देणे

कॅप्टन जेम्स कुक यांच्या एंडेव्हर जहाजावर निसर्गतज्ज्ञ जोसेफ बँक्स होते. सप्टेंबर 1770 मध्ये, प्रवासाला दोन वर्षे उलटली असताना, त्यांनी रोजनिशीत लिहिले की जहाजावरील बहुतेक सर्वांना घराच्या ओढीने ग्रासले आहे. कप्तान, सहकारी निसर्गतज्ज्ञ डॉक्टर सोलांडर आणि ते स्वतः असे तिघेच तिच्यापासून बचावले आहेत, आणि याचे कारण त्यांच्या मते मनाला सतत असलेला उद्योग हे होते. बँक्स यांना वनस्पती गोळा करायच्या होत्या, कुक यांना किनाऱ्याचे नकाशे करायचे होते. यातून घेण्यासारखे एवढेच की नुसते व्यग्र राहून भागत नाही. खलाशीही दिवसभर राबतच होते. ज्या कामात आपले कुतूहल गुंतते ते काम उपयोगी पडते. म्हणून परदेशातील नोकरी किंवा अभ्यास याशिवाय त्या देशाविषयीचे एखादे कुतूहल जोपासावे : तिथले पक्षी, जुन्या इमारती, एखाद्या नदीचा इतिहास, काहीही. त्या देशात राहण्याला मग स्वतःचे असे एक कारण मिळते.

आठवणींना मात्र हाकलून देऊ नये. साउथॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशूट, कॉन्स्टँटिन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की एकाकीपणा आणि खिन्नता यांमुळे गतकाळच्या आठवणी जाग्या होतात, आणि त्या आठवणींमुळे आपण कोणाचे तरी आहोत ही भावना बळावते. म्हणजे आठवण हा त्रासाचा उगम असण्यापेक्षा मनाने स्वतःहून शोधलेला आधार असू शकतो. गंध तर आठवण फार वेगाने जागी करतो, कारण गंधाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतात. घरून आणलेल्या वस्तूचा, कापडाचा किंवा पुस्तकाचा वास आला आणि डोळे भरून आले, तर भरू द्यावेत. फक्त, त्यानंतर उठून दुसरे काहीतरी करावे; तासन्‌तास जुनी छायाचित्रे पाहत बसू नये.

मनात कोंडलेले फारच असेल, तर जेम्स पेनिबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात अभ्यासलेली रीत करून पाहावी : लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, जे सलते आहे ते न थांबता लिहावे. शुद्धलेखनाकडे पाहू नये आणि ते कोणाला दाखवूही नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दररोज उदासी राहिली, झोप किंवा भूक बिघडली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर हे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

घरी दुःखद काही घडले तर

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात रात्री वाजणाऱ्या फोनची भीती असते. तिच्याविषयी घरात उघडपणे बोलून ठेवावे. कोणी गंभीर आजारी पडल्यास ते लपवायचे नाही, हे ठरवावे; काळजी नको म्हणून लपवलेली बातमी नंतर कळते तेव्हा ती आयुष्यभर खुपते. तातडीच्या प्रवासापुरती रक्कम वेगळी ठेवावी. पारपत्राची मुदत नेहमी पाहत राहावे, कारण अनेक देश प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक असण्याची अट घालतात. आपल्या निवासपरवान्यावर बाहेर पडल्यास पुन्हा आत येता येते का, हेही आधीच विचारून ठेवावे. आणि वेळेत पोहोचता आले नाही तर काय करायचे, कोण आपल्या वतीने जवळ बसेल, हे बोलायला कठीण असले तरी बोलावे.

अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाचे वर्णन केले आहे ज्यात माणूस शरीराने दूर, पण मनाने सतत जवळ असतो. त्या दुःखाला शेवट नसतो, म्हणून त्याचा शोकही नीट करता येत नाही. स्थलांतरितांच्या वाट्याला ते दोन्ही बाजूंनी येते : आपल्याला घरचे दुरावलेले असतात आणि घरच्यांना आपण. कोणी कायमचे गेले आणि जाता आले नाही, तर परदेशातच एक दिवस त्या व्यक्तीसाठी राखावा, तिला ओळखणाऱ्या कोणाशी तरी तिच्याविषयी बोलावे, आणि पुढे परत गेल्यावर, कितीही महिने उलटले असले तरी, तो निरोप पुन्हा घ्यावा.

ज्यांना परतताच येत नाही, अशा निर्वासितांची स्थिती याहून बिकट असते. 1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमात आपल्या देशात परत जाण्याचा हक्क मान्य केला आहे, तरी असंख्यांना तो वापरता येत नाही. त्यांना ‘लवकरच जाता येईल’ असा पोकळ दिलासा कोणी देऊ नये. त्यांच्यासाठी करण्यासारखे एक काम आहे : आपल्या गावाविषयी जे आठवते ते सगळे लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे, वाटा, माणसांची नावे, बोलण्याच्या लकबी, घराचा आराखडा. पुढच्या पिढीला वारसा म्हणून तेवढेच हाती लागण्याची शक्यता असते.

परत जाण्याआधी

होफरने आपल्या प्रबंधात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत दिली आहे. तो मरणाच्या दारी पोहोचला होता. त्याला घरी न्यायचे ठरले आणि तयारी सुरू होताच त्याला बरे वाटू लागले, आणि बर्नला पोहोचण्याआधीच तो खडखडीत बरा झाला. परतीचा आनंद परतीच्या दिवसाआधीच सुरू होतो, हे यातून दिसते, म्हणून जाण्याची तारीख शक्य तितकी आधी ठरवावी. तारीख लांबची असली तरी चालते. ‘पाहू, जमेल तेव्हा’ या शब्दांत मात्र ओढ कुढत राहते.

भेटीचे दिवस आखताना निम्मे दिवस मोकळे ठेवावेत. परदेशातून येणारा माणूस रोज तीन घरी जातो, प्रत्येक घरी तीच उत्तरे देतो आणि परत निघताना त्याला कळते की स्वतःच्या आईवडिलांबरोबर निवांत अशी एक दुपारही गेली नाही. ज्या थोड्या माणसांना भेटल्याशिवाय परतायचे नाही त्यांची नावे लिहावीत आणि त्यांचे दिवस आधी राखावेत. इतरांना एकाच ठिकाणी, एकाच वेळी भेटावे. काहींना राग येईल. तो नम्रपणे सोसावा.

वहीतील नोंदी निघण्यापूर्वी पुन्हा वाचाव्यात. जे पुन्हा पुन्हा आठवत होते, तेच करण्यासाठी वेळ ठेवावा. दुपारच्या वेळी एका विशिष्ट खोलीत लोळणे आठवत असेल, तर तेच करायला आपण चाललो आहोत हे घरच्यांना स्पष्ट सांगावे, नाहीतर ते प्रेमाने प्रत्येक दुपारी कुठेतरी जाण्याचा बेत आखतात. पैशांविषयीही आधीच सरळ बोलावे. दूर राहणारा माणूस श्रीमंतच असतो, असा समज अनेकांचा असतो, आणि तो न बोलता वाढू दिल्यास भेटीत कडवटपणा येतो.

पोहोचल्यावर

लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराचे घड्याळ ढोबळमानाने रोज एका तासाने जुळवून घेते, आणि पूर्वेकडचा प्रवास अधिक त्रास देतो, कारण शरीराचे नैसर्गिक चक्र चोवीस तासांहून किंचित मोठे असते आणि ते मागे सरकवणे सोपे, पुढे ओढणे कठीण. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत महत्त्वाच्या भेटी, कागदपत्रांची कामे आणि नाजूक विषयांवरची बोलणी ठेवू नयेत. दिवसा उजेडात फिरावे आणि रात्रीच झोपावे. पहाटे तीनला जाग आली तर उठून बसावे. घरातले कोणी वडीलधारे जागे असतील, तर त्या वेळी होणाऱ्या गप्पा पुढे संपूर्ण भेटीत होत नाहीत.

पहिला आनंद साध्या गोष्टींतून येतो. चारी बाजूंनी आपली भाषा ऐकू येते आणि मनाला तिच्यासाठी काहीच श्रम पडत नाहीत. पाटीवरची अक्षरे आपोआप वाचली जातात. आपले नाव कोणी चुकीचे उच्चारत नाही, ते सुटे करून सांगावे लागत नाही. अंधारात हात आपसूक दिव्याच्या बटणाकडे जातो. या क्षणांचे फोटो काढण्याच्या घाईत ते निसटतात. पहिला दिवस फोन बाजूला ठेवून घालवावा, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतर, बहुधा काही दिवसांतच, दुसरी भावना येते. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले तत्त्वचिंतक आल्फ्रेड शुट्झ यांनी 1945 मध्ये परतणाऱ्या माणसाविषयी लिहिले आहे. परक्या देशात जाणाऱ्याला सगळे अनोळखी असणार हे ठाऊक असते, परंतु परतणारा ओळखीच्या जगाची खात्री बाळगून येतो आणि घर त्याला वेगळाच चेहरा दाखवते. दरम्यान घर बदललेले असते आणि तो स्वतःही बदललेला असतो. झाड तोडलेले असते, मित्राच्या गप्पांतील निम्मी नावे आपल्याला माहीत नसतात, आई जिना चढताना थांबते. या वेळी ‘आधी असे नव्हते’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. ते घरच्यांना आरोपासारखे लागते. त्याऐवजी विचारावे : हे कधी बदलले, तेव्हा तुम्ही काय केले, तुम्हाला कसे वाटले? आपल्या अनुपस्थितीतील वर्षे ऐकून घेतली की आपण त्या घरात पुन्हा शिरतो. परतीचा सखोल आनंद मला इथेच दिसतो. वस्तू जागच्या जागी सापडण्यात तो थोडाच असतो. बदललेल्या घराने बदललेल्या आपल्याला जागा करून देण्यात तो अधिक असतो.

कायमचे परतताना

अमेरिकी संशोधक जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की परदेशात जाताना येणारा चढउतार मायदेशी परतल्यावर पुन्हा येऊ शकतो. भेटीला आलेल्याचे कौतुक होते. कायमचे आलेल्याचे कौतुक लवकर संपते. पहिल्या काही महिन्यांत तो प्रत्येक रांगेत, प्रत्येक कार्यालयात तुलना करत राहतो आणि ऐकणारे कंटाळतात. परदेशी राहून आलेल्या एखाद्या परिचिताजवळ ही तुलना करावी, इतरांजवळ क्वचित. ‘तिकडे कसे होते?’ असे विचारणाऱ्यांना बहुधा दोन मिनिटांचे उत्तर हवे असते. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

घर, काम आणि मुलांची शाळा हे तिन्ही एकाच महिन्यात बदलू नये, निदान एक गोष्ट तरी आधी पक्की असावी. परदेशात जन्मलेल्या मुलांविषयी विशेष सांभाळावे. आईवडील परतत असतात, मुले मात्र आपला देश सोडत असतात. ज्या ओढीने आईवडिलांनी इतकी वर्षे काढली तीच आता मुलांना लागते, आणि ‘अरे, आपण आपल्या घरी आलो’ या वाक्याने ती समजून घेतली जात नाही. त्यांच्या मित्रांशी त्यांचे ठरलेल्या वेळी बोलणे व्हावे, त्यांना मागे राहिलेल्या जागांविषयी बोलू द्यावे, आणि जमल्यास वर्ष-दोन वर्षांत त्यांना तिथे भेटीला न्यावे.

पुन्हा निघताना

जे भेटीपुरते आलेले असतात, त्यांना शेवटचे दोन दिवस जड जातात. सामान आदल्या दिवशी नव्हे, तर त्याच्याही आधी भरून ठेवावे, म्हणजे शेवटची संध्याकाळ घरच्यांसाठी राहते. भांडणे याच काळात होतात, बहुधा अगदी क्षुल्लक कारणावरून, कारण वियोगाचे दुःख रागावून बोलणे सोपे असते. हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावे आणि शब्द पोटात घ्यावा. निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा महिना तरी बोलून ठरवावा. परदेशी पोहोचल्यावर कामावर जाण्याआधी एक दिवस मोकळा ठेवावा, पोहोचल्याचा फोन त्याच दिवशी करावा, आणि वहीचे नवे पान उघडून, आठवण ताजी आहे तोवर, या खेपेला ज्याने सर्वांत जास्त आनंद झाला त्या गोष्टी लिहून काढाव्यात, म्हणजे पुढच्या खेपेची आखणी त्या पानावरून करता येते.